परसात पॉवर टिलर आणि छोट्या ट्रॅक्टरसाठी स्वस्तातली शेड: कशी बांधू?

खाडीकाठचा
१८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीकडे. समुद्र सरळ रेषेत चारेक किलोमीटर. मी डोंबिवलीला, गावी आई आणि अण्णा. मागच्या वर्षी भातासाठी जुना पॉवर टिलर घेतला. या डिसेंबरात आंब्याच्या बागेत फिरवायला एक छोटा ट्रॅक्टर मिळाला, तोही जुनाच. दोघेही सध्या परसात ताडपत्रीखाली उभे आहेत.

गेल्या रविवारी टिलरची ताडपत्री काढली. आतून घाम फुटल्यासारखं पाणी. क्लचच्या दांड्यावर बोट फिरवलं तर तांबडी भुकटी बोटाला. अण्णा बाजूलाच उभे होते. म्हणाले, "बैल कधी गंजले नाहीत."

तर शेड बांधायची आहे. जागा १४ बाय १२ फूट. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला उतार आणि खाडी. ट्रॅक्टर साधारण आठ फूट लांब, टिलर मागच्या रोटरीसकट नऊ फूट. बजेट ५० ते ६० हजार, त्याच्या वर गेलं तर घरातून नोटीस येईल. पत्रा की कौल? भिंत लागते का? लोखंडी खांब खाऱ्या हवेत टिकतात का? जूनच्या आधी उभी राहायला हवी.


घाटावरून
१८ फेब्रुवारी, रात्री ११:१५

एवढा विचार कशाला करताय भाऊ. चार पाइप पुरायचे, वर पत्रे टाकायचे, तीन बाजूंनी हिरवी जाळी बांधायची. फलटणला माझी अशीच शेड आहे, २२ हजारात झाली. पाच वर्षं झाली, खिळासुद्धा हलला नाही.


खाजा_मालवणी
१८ फेब्रुवारी, रात्री ११:३२

घाटावरच्या भावानू, तुमच्याकडे वर्सभरात पडता तितको पाऊस आमच्याकडे जुलयात आठ-धा दिवसांत पडान जाता.

खाडीकाठच्या, माझा ऐक. २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या शेजाऱ्याचो पत्रो उडालो तो व्हाळापलीकडच्या काजीत गावलो. पत्र्याक हूक मार, पण वाशाक खांबाशी बांध आणि खांबाक जमनीशी बांध. एक जरी सुटला तरी बाकीचा सगळा फुकट.


सुपारीबाग
१९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

खाजाभाऊंना पूर्ण अनुमोदन. आमचं श्रीवर्धन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हाची गोष्ट सांगते, कारण नेमकी अशीच शेड होती.

यजमानांनी पत्रा चांगला आणला होता, जाड. एका पत्र्याला मोजून हूक मारले होते. वादळ गेल्यावर बाहेर आलो तर शेड जागेवर नव्हती. शेजारच्या वाडीत उलटी पडलेली, चारही पाय आभाळाकडे. गंमत अशी की पत्रा रिपेपासून सुटला नव्हता. रीप पाइपापासून सुटली नव्हती. पाइप फूटभर मातीत पुरून वर घमेलंभर सिमेंट ओतलं होतं, ते गोळे पाइपाच्या तळाला तसेच, दाढ उपटल्यासारखे बाहेर आलेले. आमच्या रोठा जातीच्या सुपारीच्या पोफळी तर कुठे कुठे पडल्या ते मोजलंच नाही त्या दिवशी.

शेडखालचा टिलर मात्र होता तिथेच होता. त्याच्यावर पोफळ पडली, ते वेगळं.

आणखी एक. माडाखाली शेड बांधू नका. वादळ नको, साधी सुकी झावळ पडली तरी पत्र्याला खळगा पडतो, आणि खळग्यात पाणी साचलं की तिथूनच गंज सुरू होतो.


खाडीकाठचा
१९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

बापरे. धन्यवाद ताई. दोन माड आहेत कोपऱ्यात, जागा सहा फूट उत्तरेला सरकवतो. म्हणजे खर्च पत्र्यावर नाही, खड्ड्यावर करायचा असं दिसतंय. पण किती खोल? आमच्याकडे दीड फुटाखाली जांभा लागतो.


अर्धवट_अभियंता
१९ फेब्रुवारी, रात्री ९:४८

आकडे काढूनच बघू, भीती कमी होते. किंवा वाढते.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. दाब येतो साधारण ४६० न्यूटन, आपल्या भाषेत चौरस मीटरवर ४७ किलो.

तुमचं छप्पर पाखा बाहेर काढून १६ बाय १४ फूट धरलं तर सुमारे २१ चौरस मीटर. खालून शिरलेला वारा ढकलतो आणि वरून जाणारा ओढतो. दोन्ही मिळून गुणक एकच्या वरही जातो, मी एकच धरतो. उचल झाली जवळजवळ एक टन. आणि छपराचं वजन? अर्धा मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला चार किलो भरतो. पत्रे नव्वद किलो, लोखंड धरून फार तर दोनशे. बाकीचे आठशे किलो कोणी धरायचे? खड्ड्यातल्या काँक्रीटने.

सहा खांब घ्या. दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्डा भरला की त्यात तीनशे किलो काँक्रीट बसतं. सहांचे झाले अठराशे. वेग १४० झाला तर दाब दुप्पट होतो, तरी जेमतेम निभावतं. मधल्या दोन खांबांच्या वाट्याला कोपऱ्यातल्यांपेक्षा जास्त छप्पर येतं, म्हणून ते दोन खड्डे अडीच फूट घ्या. आणि पाइप नुसता गुळगुळीत पुरू नका. खालच्या टोकाला आडवी सळी वेल्ड करा, नाहीतर सुपारीबाग ताईंच्या गोळ्याऐवजी नुसता पाइप निसटून येईल.

जांभा लागला तर रडू नका, उलट बरं. कडेने पहारीने खरवडून खड्डा खडबडीत ठेवा, काँक्रीट त्यात धरून बसतं.


अर्धवट_अभियंता
१९ फेब्रुवारी, रात्री ९:४९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.


घाटावरून
२० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

मान्य. मी माझे शब्द आणि माझे चार पाइप मागे घेतो. पुढचं वाचायला बसलोय.


चिरेबंद
२० फेब्रुवारी, रात्री ८:१०

मी संगमेश्वरकडचा. तीस वर्षं जांभ्याच्या चिऱ्याची कामं केली, आता गुडघे गेले म्हणून घरी बसून सल्ले देतो.

छप्पर एकपाखी घ्या. दुपाखीला आढं आलं, कोन पत्रा आला, दोन बाजूंना पागोळ्या आल्या, खर्च वाढला. पूर्वेला नऊ फूट, पश्चिमेला सात फूट. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो त्याला बुटकी बाजू दाखवायची, म्हणजे तो पाखावर चढून वरून निघून जातो. पाणीही मागे पडतं, दारात नाही.

दार पूर्वेला. पण तुमच्या पूर्वेला डोंगर आहे, हे विसरू नका. वरचं पाणी दारातूनच आत यायला बघणार. शेडच्या वरच्या अंगाला चर खणा आणि तो वळवून बाजूने काढा. जमीन परसापेक्षा वीतभर उंच घ्या. खाली मुरूम धुमसून, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर चार इंच कोबा, उतार दाराकडे. चढण लांब ठेवा, वीतभर उंचीला पाच-सहा फूट तरी. टिलर चारशे किलोच्या आसपास असतो, आखूड चढणीवर मागे आला तर माणूस चिरडतो.

पश्चिमेला पूर्ण भिंत चिऱ्याची, आणि पाखाखाली वीतभर मोकळं सोडून तिथे जाळी. दक्षिणेला कमरेएवढी भिंत, वर पत्रा. उत्तरेला नुसती जाळी चालेल. सगळीकडून बंद कराल तर ताडपत्रीची मोठी आवृत्ती होईल. यंत्राला पाऊस लागलेला एकवेळ चालतो, सुकायला वारा नसेल तर चालत नाही.


निवृत्त_मास्तर
२० फेब्रुवारी, रात्री ९:००

चिरेबंद म्हणतात ते आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. बागेतला मांगर (शेतघर) आठवा. पश्चिमेकडची बाजू बुटकी, छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घराच्या पश्चिमेच्या पडवीला माडाची झापं लावायची आणि आश्विनात काढायची. झड अडायची, वारा मात्र झापाच्या विणीतून झिरपत राहायचा. पडवीत टांगलेला कांदा कुजत नसे तो त्यामुळे. शेडच्या उत्तरेला हिरव्या जाळीऐवजी झापं लावा, घरच्या झावळ्या फुकट मिळतात. वर्षाला बदलावी लागतात, एवढाच त्रास.

अवांतर: शेड बांधून उरलेले चिरे आणि तुकडे शेडलाच टेकवून रचून ठेवायची वाईट खोड आपल्याकडे आहे. त्या खाली फुरशी राहतात. संध्याकाळी अंधारात टिलर आत लावताना पाय तिथेच पडतो. चिरे लांब रचा आणि आत एक दिवा घ्या.


खाडीकाठचा
२० फेब्रुवारी, रात्री १०:१५

फुरशाचं ऐकून आईने दिवा मंजूर केला. वेगळा खर्च धरणार नाही म्हणाली.

एक शंका. चिरेबंद काका, वारा पश्चिमेकडून म्हणून दार पूर्वेला, हे कळलं. पण मग तौक्ते आणि निसर्गमध्ये?


अर्धवट_अभियंता
२० फेब्रुवारी, रात्री ११:०२

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मोसमी वारा पश्चिमेचा, वादळाचा नाही. चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट फिरतो. तौक्तेसारखं वादळ समुद्रातून दक्षिणेकडून उत्तरेला सरकतं तेव्हा किनाऱ्यावर आधी पूर्वेकडचा वारा लागतो, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा. म्हणजे पहिला फटका तुमच्या उघड्या दारातच. दार पूर्वेलाच ठेवा, कारण पावसाळ्याचे चार महिने रोजचे आहेत आणि वादळ कधीतरीचं. पण पूर्वेला बंद होणारी झडप हवी, आणि खड्ड्यांचा हिशेब कुठल्याही दिशेला सारखाच लागू.


खाजा_मालवणी
२० फेब्रुवारी, रात्री ११:१०

मी पैल्याच दिवशी सांगलंय. बांध, बांध आणि बांध.


गॅसवेल्डिंग
२१ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

कामावर जायच्या आधी पटकन लिहितो. रत्नागिरीत फॅब्रिकेशन करतो, खाऱ्या हवेतलं लोखंड रोज बघतो.

पत्रा साधा जीआय घेऊ नका, त्यावर जस्ताचा थर पातळ असतो. गॅल्व्हल्यूम घ्या, त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त. वर रंगाचा थर असेल तर आणखी बरं. पण दोन पथ्यं आहेत. एक, ओल्या सिमेंटला तो टेकू देऊ नका. सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम खातो. भिंत आणि पत्रा यात बोटभर फट ठेवा. दोन, शेड गोठ्याला लागून काढू नका. गुरांच्या मुताचा अमोनिया पत्र्याला खालून खातो. वरून पत्रा नवा दिसतो, खालून चाळण झालेली असते. खताच्या गोण्याही त्याच शेडमध्ये नकोत, युरियाची गोणी फुटली की आसपासचं लोखंड संपलं.

खांब जीआय चौकोनी घ्या. पण वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं, तिथे पांढरी राख दिसते. ती ब्रशने घासून काढायची आणि झिंक प्रायमरचे दोन हात मारायचे. हे कोणी करत नाही. करा असं सांगितलं तर वेल्डर तोंड वाकडं करतो. समोर उभं राहून करून घ्या. खांब कोब्यातून जिथे बाहेर येतो तिथे पाणी साचतं, त्या जागी डांबराचा हात मारा आणि सिमेंटची छोटी घुमटी करा म्हणजे पाणी उतरून जाईल.

स्क्रू रबरी वॉशरचे, पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. इतके आवळू नका की वॉशर बाहेर पिळवटेल. कडेच्या ओळींना प्रत्येक उंचवट्यावर एक, मधे एक सोडून एक. वारा उचलतो तो कडेपासून.

पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांचे कण रंगात रुततात आणि दुसऱ्या पावसात तांबडे ठिपके उमटतात. कात्रीने कापा.


सुपारीबाग
२१ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

कौलांचं कोणी बोललंच नाही. जुनी घरं पाडली की मंगलोरी कौलं पडेल भावात मिळतात, आणि खाली कित्ती थंड राहतं.


चिरेबंद
२१ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

ताई, कौलाला मीही नाही म्हणणार नाही, जन्म त्याच्यात गेला. पण एक कौल अडीच किलोचं, चौरस मीटरला चौदा-पंधरा लागतात. वजन पत्र्याच्या आठ-नऊ पट. मग वासे आले, रिपा आल्या, किंजळीचं लाकूड आलं, वाळवी आली. उतारही जास्त लागतो, नाहीतर झडीचं पाणी कौलाखाली चढतं. कौलं फुकट आणि लाकूड तीस हजारांचं, असा तो व्यवहार आहे. वर माकडं. आमच्याकडे माकडं येतात ती फणस काढून कौलांवर बसून खातात.

पोफळीचे खांब स्वस्त पडतात, पण मातीत दोन-तीन पावसाळे. मांडवाला ठीक, शेडला नाही.


निवृत्त_मास्तर
२१ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

बांधण्याआधी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन ठेवा. आणि जागा समुद्राच्या भरतीरेषेच्या ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचा नियम, लागू होतो. तुमची खाडी आहे म्हणून म्हणतो, नियम फक्त समुद्रालाच नाही, भरतीचं पाणी चढतं त्या खाडीच्या काठालाही आहे, फक्त तिथे अंतर कमी असतं.


खाडीकाठचा
२१ फेब्रुवारी, रात्री १०:५०

घर खाडीपासून दीड किलोमीटरवर आहे मास्तर, नाव नुसतं हौसेचं. पंचायतीत अण्णा उद्या जातायत.

सगळ्यांचे आभार. होळीला गावी जातोय, तेव्हा आखणी.


खाडीकाठचा
९ मे, रात्री ११:३०

धागा वर काढतोय. शेड उभी राहिली. हिशेब देतो, कारण मी स्वतः शोधत होतो तेव्हा कोणाचाच आकडा मिळाला नव्हता.

लोखंड १६,०००. पत्रे पाच, साडेचौदा फुटी, १०,५००. फॅब्रिकेशन मजुरी ९,०००. सिमेंट १७ गोणी, ६,५००. वाळू आणि खडी ७,०००. गवंडी आणि दोन गडी मिळून ८,०००. स्क्रू, प्रायमर, डांबर, जाळी २,५००. वाहतूक २,५००. एकूण ६२ हजार. चिरे विकत घेतले नाहीत. परसातला जुना गडगा (दगडी कुंपण) पडला होता, त्याचेच अण्णांनी निवडून काढले. दक्षिणेचा वरचा पत्रा जुन्या न्हाणीघराचा.

खड्डे खणताना दोन ठिकाणी दीड फुटाखाली जांभा लागला. गड्याने पहार टाकली आणि म्हणाला, आता बास. मी अर्धवट अभियंता यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. त्याला एक टनाचं काही वाटलं नाही. सुपारीबाग ताईंची दाढ ऐकल्यावर मात्र खणला.

वेल्डर झिंक प्रायमरला खरंच तोंड वाकडं करत होता. समोर खुर्ची टाकून बसलो.

आतून दोन भाग केलेत. ट्रॅक्टरला आठ फुटी दार. टिलर तीन फूट रुंद, म्हणून त्याच्या बाजूला चार फुटी दार ठेवलं आणि उरलेल्या दीडेक फुटात पक्की जाळी मारली. तेवढ्या भागाच्या झडपेचा खर्च वाचला. त्या जाळीवर फवारणीचा पंप वगैरे सगळं टांगायला जागा झाली.


गॅसवेल्डिंग
१० मे, सकाळी ६:५०

फोटो बघितला. काम झकास. खुर्चीची कल्पना माझ्या गिऱ्हाइकांना कळू देऊ नका.

कुलूप पितळी घ्या, साधं एका पावसाळ्यात जाम होतं. जुनं असेल तर जूनच्या आधी डिझेलमध्ये बुडवून काढा.


सुपारीबाग
१० मे, सकाळी ८:१५

छान झाली हो. ट्रॅक्टर बंद ठेवायचा असेल तेव्हा डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा. अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतला दमटपणा टाकीच्या पत्र्यावर पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतो. ग्रासकटरचं उलटं, त्यातलं पेट्रोल काढून टाकून बंद पडेपर्यंत चालवा. बॅटरीची एक वायर सोडून ठेवा.


घाटावरून
१० मे, सकाळी ११:००

अभिनंदन! माझ्या शेडचे पाय काल हलवून बघितले. एक हलला.


खाडीकाठचा
१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पावसाळा पार पडला. खरं सांगायचं तर दोन घोळ झाले.

पहिला पाण्याचा. चर खणला होता, पण जूनमध्ये पहिल्याच दोन मोठ्या पावसात वरून आलेली तांबडी माती आणि काजूचा पाला यांनी तो भरून गेला. रात्री पाणी दारातून आत. कोब्याला दाराकडे उतार होता म्हणून सकाळपर्यंत निघून गेलं, आत बोटभर गाळ राहिला. आता दर पंधरा दिवसांनी अण्णा खोऱ्याने चर साफ करतात. मागच्या बाजूचा हिशेब मात्र आम्ही कोणीच धरला नव्हता. एवढ्या छपरावर आमच्याकडचा ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर मोसमात ६० हजार लिटर पाणी एका ओळीत पश्चिमेला पडतं. पागोळ्यांनी भिंतीच्या पायाशी हातभर घळ पाडली. जांभ्याचे तुकडे भरलेत सध्या. पुढच्या वर्षी पन्हळ.

दुसरा घोळ सांगताना लाज वाटते. टिलर तीन फूट रुंद, हे मी मोजलं फेब्रुवारीत. रबरी चाकं लावलेली असताना. जुलैत चिखलणीला लोखंडी चाकं चढवली, केजव्हील म्हणतात ती. संध्याकाळी सात वाजता, धो धो पाऊस, अण्णा शेतातून टिलर घेऊन दारात आले आणि तो आत जाईना. चाकं धरून रुंदी चार फूट आठ इंच. दार चार फूट. मी डोंबिवलीत, फोनवर. आईने टॉर्च धरला, अण्णांनी पावसात बसून दोन्ही चाकं उतरवली, टिलर लाकडी ठोकळ्यावरून ढकलत आत घेतला. नंतर फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या मंडळींना सांग, मोजमाप पावसाळ्यात करायचं असतं."

बाकी शेड हलली नाही. पश्चिमेच्या वीतभर फटीतून झड आत येते, पण दुपारी एक उघडीप मिळाली की सगळं कोरडं. क्लचचा दांडा बोटाने पुसून बघितला, बोट स्वच्छ. उत्तरेला मास्तरांनी सांगितलेली झापं लावली होती, ती काल काढली.

आणि आज सकाळी ट्रॅक्टर सुरूच होईना. अर्धा तास झटापट. शेवटी सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं तर आत मातीचा बूच. कुंभारीण माशीने घर केलेलं. आता तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालून ठेवलाय.


निवृत्त_मास्तर
१४ ऑक्टोबर, रात्री १०:३०

अण्णांना माझा नमस्कार सांगा.

कुंभारीण ग्रासकटरच्या नळीतही घर करते. तिथेही काहीतरी उपडं घाला.


खाजा_मालवणी
१४ ऑक्टोबर, रात्री १०:४१

अण्णा गावले तर आमच्या गटाचे अध्यक्ष करूया.


आंबोळी
२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

पूर्ण धागा वाचून काढला, वाचनखूण साठवली. आम्ही गुहागरचे, महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरून टिलरचा अर्ज मंजूर झालाय, यंत्र जानेवारीत येईल. खाडीकाठचे दादा, शेडचा नकाशा मिळेल का? अगदी तशीच बांधायची आहे.


खाडीकाठचा
२ नोव्हेंबर, रात्री ९:५५

नकाशा नव्हताच ताई. अण्णांनी चुलीतली राख टोपलीत घेऊन जमिनीवर रेघा मारल्या, त्याच्यावर गडी खणत गेला. मापं सगळी वर दिली आहेत: १४ बाय १२, पुढे नऊ, मागे सात, सहा खांब, मधले खड्डे अडीच फूट.

फक्त टिलरचं दार सहा फुटी ठेवा.